संबंधानंतर लाल जातं. कुणाला दाखवू, कसं सांगू?

नाव_नको_इंदूर
नेहमीचा आयडी न वापरता नवा काढलाय. इथे अर्धं सुदामानगर आहे आणि उरलेलं अर्धं माझ्या माहेरचं.

वय ३९. दोन मुलं, धाकटा ९ वर्षांचा. पाळी वेळच्या वेळी येते. गेल्या चार महिन्यांपासून नवऱ्याजवळ गेलं की नंतर लाल जातं. फार नाही, दोन-चार डाग, कधी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. दुखत काहीच नाही. पहिल्यांदा वाटलं पाळी लवकर आली. दुसऱ्यांदा वाटलं नख लागलं असेल. आता मी टाळतेच, आणि त्यांना वाटतं मी कशावरून तरी रुसलेय.

घराजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. खुर्चीवर बसल्या बसल्याच त्यांनी "इन्फेक्शन है" म्हणून गोळ्या आणि आत ठेवायच्या कॅप्सूल लिहिल्या. पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, "दो बच्चे हो गए ना? सोनोग्राफी करवा लो, बच्चेदानी में सूजन हुई तो निकलवा देंगे." सोनोग्राफी नॉर्मल आली. झोप मात्र उडाली ती उडालीच. मोबाइलवर शोधलं तर पहिल्याच ओळीत कॅन्सर.

कुणाला असं झालंय का? आणि हसू नका, पण हे बोलायचं कसं तेच मला कळत नाही. आईशी 'बाहेरची', 'अंगावरून जातं' एवढ्यावर भागतं. डॉक्टरांपुढे हिंदीत काय म्हणू? मी तर तिथे "कमजोरी लगती है" एवढंच म्हणाले, बाकी त्यांनीच ओळखावं अशी आशा धरून.

रामबागेची_आक्का
हसतंय कोण बाई! आमच्या वेळी तर 'कमजोरी'सुद्धा सासूबाईंनी जाऊन सांगायची. चार महिने म्हणजे फार झाले. दुसरी डॉक्टर बघ आणि नवऱ्याला सोबत ने. बाहेर बाकावर बसू देत, पण येऊ देत.

धने_जिरे
ही उष्णता आहे. इंदूरचं तिखट, रात्री सराफ्यात जाऊन जागरण, वरून चहा. रात्री धने-जिरे भिजत घालून सकाळी गाळून प्या, सब्जा घ्या, डाळिंबाच्या सालीचा काढा करा. माझ्या वहिनीला महिन्यात फरक पडला होता.

गेरवाली
धने_जिरे, वहिनीला नेमकं काय झालं होतं ते कुणी बघितलं होतं का? की काढा संपला आणि तेही आपोआप थांबलं?
नाव_नको, माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीला असंच होत होतं. तिने पॅप टेस्ट केली (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन बघतात ती), नॉर्मल आली, विषय संपला. तूही पॅप करून टाक आणि मोकळी हो.

बडोद्याची_डॉक्टरीण
मी स्त्रीरोगतज्ज्ञ. दांडिया बाजाराच्या बाजूला बरीच वर्षं दवाखाना चालवला, आता नातवाला शाळेत सोडते. इथे औषध लिहून देणार नाही, कारण मी या बाईंना बघितलेलं नाही. आणि माझं सगळं म्हणणं त्या एका शब्दातच आहे: बघितलेलं.

खुर्चीवर बसून याचं निदान होत नाही. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीतही नाही. रक्त बहुतेक वेळा येतं ते गर्भाशयाच्या तोंडाकडून किंवा योनीमार्गातून, आणि सोनोग्राफी दाखवते ती वरची पिशवी. तोंड बघायचं तर स्पेक्युलम घालून, चांगल्या उजेडात, डोळ्यांनी बघावं लागतं. बदकाच्या चोचीसारखं ते साधन. दोन मिनिटांचं काम. अवघडल्यासारखं होतं, पण श्वास सोडून अंग सैल ठेवलं तर दुखत नाही. त्या बाईंनी ही दोन मिनिटं दोन्ही वेळा वाचवली, आणि तुमचे चार महिने गेले.

बघितल्यावर काय सापडू शकतं? सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते ज्याला तुमच्याकडे 'छाले' आणि मराठीत 'व्रण' म्हणतात. तो व्रण नसतोच. तोंडाच्या आतल्या नळीचं अस्तर मऊ आणि लाल असतं, बाहेरचं जाड आणि गुलाबी. काही बायकांमध्ये आतलं अस्तर थोडं बाहेर उलगडतं, बाहीचं अस्तर दुमडून बाहेर यावं तसं. वयात आल्यावर, गरोदरपणी, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे जास्त होतं. त्याला घासलं गेलं की रक्त येतं. त्रास नसेल तर त्याला हातही लावायचा नाही. त्रास असेल तर, तपासण्या नॉर्मल आल्यावर, गोठवून किंवा हलकं भाजून ते बसवतात, तेही दवाखान्यात न राहता.

दुसरा पॉलिप. नळीतून बाहेर लोंबणारा लालसर मणी. चाळिशीच्या आसपास, मुलं झालेल्या बायकांत बराच दिसतो. चिमट्यात धरून पिरगाळला की निघतो. बहुतेक वेळा निरुपद्रवी, तरी लॅबमध्ये पाठवायचाच.

तिसरा जंतुसंसर्ग. क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास. तोंड सुजतं, हात लागला तरी रक्त येतं. चौथा कोरडेपणा, त्यावर पुढे कुणी विचारेलच. याशिवाय तांबी, गोळ्या चालू केल्यानंतरचे पहिले काही महिने, रक्त पातळ करण्याची औषधं, क्वचित घाईत झालेली जखम.

आणि हो, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. त्याचं नाव न घेता ही यादी मला पुरी करता येणार नाही. ज्यांना संबंधानंतर रक्त जातं त्यांतल्या बहुतेक बायकांना तो नसतो. पण ज्यांना तो असतो, त्यांच्यात अनेकींची पहिली तक्रार हीच असते. म्हणून बघायचं.

गेरवाली, तुमच्या मैत्रिणीचं बरं झालं, पण 'पॅप नॉर्मल, विषय संपला' हे चूक आहे. पॅप ही तक्रार नसलेल्या बाईची चाळणी आहे. तक्रार असेल तर आधी डोळ्यांनी बघायचं. समोर गाठ किंवा सहज रक्त येणारा चट्टा दिसत असेल तर पॅपचा कागद नॉर्मल असला तरी तुकडा काढून तपासायचा. पॅपच्या नमुन्यात कधी नुसतं रक्त आणि सूजच येते, हव्या त्या पेशी येत नाहीत.

नाव_नको_इंदूर
डॉक्टर, बाहीच्या अस्तराचं वाचून मी चक्क पंजाबी ड्रेसची बाही उलटून बघितली. कळलं.
पण आता रंगपंचमी चार दिवसांवर आली. घरी पाहुणे आहेत, यांच्या आत्या खास गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला आल्यात. गेर झाली की जाते.

बडोद्याची_डॉक्टरीण
गेर दरवर्षी येते. उद्या फोन करून वेळ तर घ्या. वेळ रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची मिळाली तर चालेल, पण ती उद्याच ठरलेली असू द्या. 'झाली की जाते' म्हणणाऱ्या बाईच्या घरी नंतर गुढीपाडवा असतो, मग परीक्षा, मग लग्नसराई.

लष्करची_लेक
ग्वाल्हेरहून लिहितेय. लिहावं की नाही कळत नव्हतं, नाव_नकोला घाबरवायचं नाहीये. तिच्या आणि माझ्या आत्याच्या गोष्टीत फरक आहे हे आधीच सांगते.

आत्याची पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती. काका होते, संसार नीट चालला होता. तिला संबंधानंतर रक्त जायला लागलं आणि तिने ते दीड वर्ष दाबून ठेवलं. काकांना सांगितलं, "आता वय झालं, नको हे." त्यांनीही मानलं, भला माणूस. म्हणजे ज्यामुळे रक्त जात होतं तेच बंद केलं आणि रक्तही थांबल्यासारखं झालं. तिला वाटलं बरी झाले. मग पाण्यासारखं जायला लागलं, वास यायला लागला, तरी ती धुणं वेगळं करायची आणि उदबत्ती लावायची. आम्हाला वाटायचं आत्या फार सोवळी झालीय.

कंबर दुखायला लागली तेव्हा कुठे दाखवलं. आजूबाजूला पसरलं होतं, ऑपरेशनची वेळ गेली होती. पाच आठवडे बाहेरून शेक (रेडिएशन), आठवड्याला एकदा सलाइनमधून केमो, मग आतून शेक. दोन वर्षं काढली तिने. २०१६च्या दिवाळीआधी गेली.

काका अजून मला विचारतात, "ती रागावून नाही म्हणत होती की दुखत होतं म्हणून?"

गेरवाली
🙏

रामबागेची_आक्का
उदबत्तीचं वाचून पोटात गोळा आला.

नाव_नको_इंदूर
मीही टाळतेच आहे. म्हणजे माझंही 'थांबल्यासारखं' आहे.
वेळ घेतली. गुरुवारी दुपारी. पण डॉक्टर, खरं सांगा, माझ्या वयात कॅन्सरची शक्यता किती?

बडोद्याची_डॉक्टरीण
तुमच्यासाठी नेमका आकडा माझ्याकडे नाही. ब्रिटनमधला एक हिशोब आहे: ३५ ते ४४ वयाच्या बायकांत संबंधानंतर रक्त जाणाऱ्या साधारण २,८०० जणींमागे एक. ४५ ते ५४ मध्ये २,४०० मागे एक. विशीच्या सुरुवातीला तर ४४,००० मागे एक. तो जसाच्या तसा इंदूरला चिकटवू नका. तिथे ठरावीक वर्षांनी घरी पत्र येतं आणि बाई तपासणीला जाते. आपल्याकडे बहुतेक बायकांची आयुष्यात एकदाही तपासणी झालेली नसते. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि पाऊण लाखाहून जास्त दगावतात, ते त्यामुळेच. तरीही तुमच्या बाबतीत पॉलिप, उलगडलेलं अस्तर किंवा संसर्ग यांचीच शक्यता कितीतरी जास्त आहे. गुरुवारपर्यंत झोपा.

पोहे_विदाउट_शेव
मी पुरुष आहे. इथे विचारलं तर चालेल ना? चालत नसेल तर ॲडमिनने उडवावं.
बायकोचं सिझेरियन होऊन सात महिने झालेत, बाळ अंगावर पितं. पाळी अजून नाही. गेल्या महिन्यात दोनदा संबंध आले, दोन्ही वेळा तिला आग झाली आणि थोडं रक्त आलं. ती म्हणते टाक्यांमुळे. पण टाके तर पोटावर आहेत. तिला डॉक्टरकडे चल म्हटलं तर चिडते.

रामबागेची_आक्का
शेवेशिवाय पोहे खाणारा इंदुरी बघून आधी मलाच चक्कर आली. विचारा हो, बायकोसाठी विचारताय, चांगलंच आहे. पण सात महिन्यांच्या बाळाची आई चिडते ती डॉक्टरच्या नावाने नाही, झोपेच्या नावाने. रात्री एकदा बाळाला तुम्ही घ्या.

बडोद्याची_डॉक्टरीण
आक्कांचं औषध आधी. आता माझं. बाळ अंगावर पीत असताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं राहतं, पाळी गेलेल्या बाईसारखंच. नीट ओल नसताना झालेल्या घर्षणाने आग होते, बारीक चिरा पडतात, रक्त येतं. टाके कुठे आहेत याचा संबंध नाही. घाई करू नका, तिची तयारी होऊ द्या, पाण्यावर आधारित लुब्रिकंट मेडिकलवर मिळतं ते वापरा. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावत असाल तर लक्षात ठेवा, तेलाने लॅटेक्सचा निरोध विरतो आणि फाटतो. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहू शकत नाहीत असंही नाही. रक्त आलं आहे तेव्हा आधी घरच्या घरी लघवीची चाचणी करून घ्या. महिनाभरात थांबलं नाही, किंवा संबंध नसतानाही रक्त दिसलं, तर तपासायला न्या.

एक याच्याशी जोडलेलं, इथे वाचणाऱ्या गरोदर मुलींसाठी: गरोदरपणात संबंधानंतर रक्त आलं तर घरी वाट बघत बसायचं नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं, पण वार (प्लॅसेंटा) खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असू शकते. वार कुठे आहे हे सोनोग्राफीत कळेपर्यंत कुणाला आतून बोटाने तपासू द्यायचं नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही पहिल्या वाक्यातच सांगायचं.

स्पष्ट_बोलतो
कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. संसर्ग म्हणजे नवरा बाहेर जातो. बायकोला आधी घरी विचारा तुझा नवरा कुठे [पुढचा भाग ॲडमिनने काढला आहे. धाग्याचा विषय सोडून कुणाच्या घरावर बोलू नये.]

बडोद्याची_डॉक्टरीण
काढला ते बरं केलं, पण प्रश्न अनेकींच्या मनात असतो म्हणून उत्तर देते. क्लॅमिडिया बाईत आणि पुरुषात कित्येक महिने काही लक्षण न दाखवता राहू शकतो. तो आज सापडला म्हणजे कालच आला असं नाही, आणि कुणाकडून आला हेही रिपोर्ट सांगत नाही. घरात चौकशी आयोग बसवण्याआधी दोघांनी औषध पुरं करा आणि तोवर संबंध ठेवू नका. एकटीनेच औषध घेतलं तर संसर्ग पिंगपाँगसारखा फिरत राहतो. नाव_नको, पंधरा दिवस बरं वाटून पुन्हा झालं त्यामागे हेही असू शकतं, म्हणून गुरुवारी विचारा. खासगीत जायचं नसेल त्यांच्यासाठी मोठ्या सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतं. तपासणी आणि औषध फुकट, आणि तिथली माणसं हेच रोज ऐकतात, भुवई उंचावत नाहीत.

चौतिसाव्या_वर्षी
वाचत होते, लिहिणार नव्हते. नाव_नकोचं 'निकलवा देंगे' वाचलं आणि राहवलं नाही.
माझी काढली. ३४व्या वर्षी. हीच तक्रार होती. सांगितलं, छाले आहेत, आगे जाके कैंसर बन जाएगा. आठवड्यात ऑपरेशन. आमच्या घरात कुणी प्रश्न विचारला नाही, कारण कॅन्सर म्हटल्यावर कोण विचारणार? सासूबाई म्हणाल्या, झंझट गेली. मलाही सुरुवातीला सुटल्यासारखंच वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांनी मुंबईला चुलतबहिणीने फाइल बघितली. ऑपरेशनआधी पॅप नाही, तुकड्याची तपासणी नाही. नंतरच्या रिपोर्टमध्ये फक्त 'जुनाट सूज'. ती म्हणाली, ही सूज अर्ध्या बायकांच्या रिपोर्टमध्ये असते.
आता ४१ची आहे. रात्री घामाने उशी भिजते.

नाव_नको_इंदूर
ताई…

बडोद्याची_डॉक्टरीण
चौतिसाव्या_वर्षी, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं. आमच्याच पेशातल्या लोकांनी हे केलंय, त्याची लाज वाटते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. आम्हा डॉक्टरांना तितकासा बसला नव्हता.

उलगडलेलं अस्तर पुढे कॅन्सर होत नाही. कॅन्सर होतो तो एचपीव्ही नावाचा विषाणू वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला तर, आणि तोही आधी पेशी बदलतो, ज्या तपासणीत सापडतात. १६ आणि १८ हे त्याचे दोन प्रकार सुमारे ७० टक्के कॅन्सरच्या मुळाशी असतात.

याची दुसरी बाजू बायकांना कुणी सांगत नाही. समजा तिथे खरंच कॅन्सर आहे आणि तुकडा न तपासता साधी पिशवी काढली, तर उपचार बिघडतो. त्या कॅन्सरला करायचं ऑपरेशन वेगळं आणि बरंच मोठं असतं, किंवा ऑपरेशनच नसतं, शेक असतो. म्हणजे कॅन्सर नसेल तर काढणं नको होतं आणि असेल तर असं काढणं नको होतं. दोन्हीकडून आधी रिपोर्टच लागतो. कुणी 'काढून टाकू' म्हटलं की एवढंच विचारायचं: "बायोप्सी की रिपोर्ट दिखाइए." रिपोर्ट नसेल तर फाइल उचलायची आणि नमस्कार करायचा. नुसतं रक्त जातंय म्हणून पिशवी कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. मोठ्या गाठी असतात, हट्टी रक्तस्राव असतो, तिथे मीही काढल्या आहेत. पण कारण कागदावर असावं.

घाम आणि झोपेसाठी दाखवा. ४१व्या वर्षी त्यावर उपचार असतो, सोसायचं नाही. बीजांडकोशही काढले होते का ते फाइलमध्ये बघून ठेवा, तिथे पहिला प्रश्न तोच होईल.

बार्शीची_सून
सासर बार्शीकडचं, राहते विजयनगरला. डॉक्टरांनी तपासणी म्हटलं म्हणून सांगते. सासूबाईंच्या गावात १९९९-२००० च्या सुमारास जीप यायची, बायकांना तपासणीला न्यायची. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, लाखाहून जास्त बायका होत्या त्या कामात. काही गावांत एचपीव्हीची चाचणी, काही गावांत पॅप, काही गावांत व्हिनेगरसारखं पाणी लावून बघायचं. २००९ मध्ये निकाल छापून आला: एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. आयुष्यात एकदा! सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी जीपमध्ये बसायला मिळालं आणि तिथे चहा-बिस्किट दिलं. शेजारीण आली नाही कारण तिच्या घरी विचारलं, "तुला काय झालंय म्हणून जातेस?"

गेरवाली
आणि आपण इथे स्वच्छ शहरात राहून म्हणतोय पाहुणे गेले की जाते 🙈 (मीही ३३ची आहे. आजवर एकदाही नाही.)

बडोद्याची_डॉक्टरीण
व्हिनेगरची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. तिशीनंतर, दर ५ वर्षांनी, फुकट. इंदूरला एमटीएच या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. गेरवाली, तुम्हाला तक्रार नाही, त्यामुळे चाळणीची खरी गिऱ्हाईक तुम्ही. पाळी चालू नसताना जा, आधीचे दोन दिवस संबंध नको आणि आत काही औषध ठेवलेलं नको.

रामबागेची_आक्का
आणि सांगायचं कसं, ते राहिलंच की. पोरीने पहिल्यांदा तेच विचारलं होतं.

लष्करची_लेक
मी आमच्याकडे असं म्हणते: "पीरियड के अलावा, संबंध के बाद ब्लीडिंग होती है. चार महीने से." एवढंच. सुरुवातीला कमजोरी, चक्कर, गॅस काही लावायचं नाही. गॅस म्हटलं की गॅसचीच गोळी मिळते. तोंडातून निघत नसेल तर कागदावर लिहून पुढे सरकवायचं.

चौतिसाव्या_वर्षी
आणि "अंदर से जाँच कीजिए" हे आपणच म्हणायचं. शेवटची पाळी कोणत्या तारखेची, डाग किती, दर वेळी की कधी कधी, हेही कागदावर लिहून न्यायचं.

नाव_नको_इंदूर
जाऊन आले!! (आत्यांना सांगितलं दातांच्या डॉक्टरकडे चाललेय.)

कागद नेला होता, काढावा लागला नाही. लष्करच्या ताईंचं वाक्य रिक्षात पाठ केलं, रीगलपासून पलासियापर्यंत ओठ हलत होते, रिक्षावाल्याला वाटलं मी जप करतेय. नवीन डॉक्टरांनी ऐकलं आणि काही न बोलता आत टेबलावर बोलावलं. स्पेक्युलम थंड होतं, बाकी काही नाही. लगेच म्हणाल्या, "ये देखो, पॉलिप है." मोबाइलवर फोटो काढून दाखवला. डाळिंबाचा दाणा! अगदी तसाच, लाल, चकचकीत, देठासकट. तिथेच पिरगाळून काढला. एकदा कळ आली, पाळीत येते तशी. दाणा बाटलीत घालून लॅबला, सोबत पॅप आणि एचपीव्हीचा नमुना घेतला. संसर्गाचंही विचारलं, त्याचाही नमुना दिला.

बाहेर बाकावर हे बसले होते. म्हटलं, रुसले नव्हते हो मी. एवढंच बोलले. मग आम्ही छप्पन दुकानला जाऊन गुपचूप शिकंजी प्यायलो, आत्यांना न सांगता.

रामबागेची_आक्का
धने_जिरे, ऐकलंत का? डाळिंबच होतं, फक्त सालीऐवजी दाणा निघाला.

धने_जिरे
मान्य. धने-जिऱ्याचं पाणी मात्र मी सोडणार नाही.

बडोद्याची_डॉक्टरीण
सोडू नका, उन्हाळ्यात चांगलंच. रिपोर्ट हातात आल्याशिवाय बाटलीचा विषय संपला असं धरू नका. आणि आठवडाभर संबंध नको.

नाव_नको_इंदूर
रिपोर्ट आले, दहा दिवस लागले. पॉलिप साधा. एचपीव्ही निगेटिव्ह, पॅप नॉर्मल, संसर्ग नाही. पुढची तपासणी ५ वर्षांनी. पुन्हा रक्त दिसलं तर मात्र लगेच यायचं म्हणाल्या, पॉलिप परत येऊ शकतो. लेक १२ची आहे, तिच्या लशीचं त्यांनीच काढलं. काय करू?

बडोद्याची_डॉक्टरीण
द्या. ९ ते १४ मध्ये दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. १५ पूर्ण झाली की तीन लागतात, म्हणून आत्ता स्वस्त पडतं. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून आली आहे. मुलग्यांनाही देता येते. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी चुकत नाही, हे तिला तेव्हा सांगा.

रामबागेची_आक्का
डॉक्टर, तुम्हाला खासगीत विचारणार होते, पण मग म्हटलं इथे एवढ्या पोरी बोलल्या आणि मीच मेली सगळ्यांना शहाणपण शिकवतेय.
माझं वय ६१. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली. आमचे हे आहेत, आणि आम्ही अजून… असो. हल्ली दोनदा नंतर गुलाबी डाग दिसला. एकदा नुसताच, काही न करता. मी म्हटलं या वयात कोरडेपणा असणारच. ते उदबत्तीचं वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

लष्करची_लेक
आक्का, उद्याच जा.

बडोद्याची_डॉक्टरीण
आक्का, 'असो' कशाला, चांगलंच आहे ते.
तुमच्या वयात कोरडेपणा आणि पातळ झालेलं अस्तर हेच सगळ्यात जास्त वेळा निघतं. त्यावर आत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम असतं, फार छान काम करतं. पण ते तपासल्यावर. पाळी गेल्यावर एक डागसुद्धा तपासल्याशिवाय सोडायचा नाही, आणि काही न करता आलेला तर नाहीच. स्पेक्युलमने बघतील, आणि यावेळी सोनोग्राफीही हवी, ती आतून करायची. पिशवीचं अस्तर किती जाड आहे ते मोजतात. ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर बरीच निश्चिंती, जास्त असेल तर आतला तुकडा तपासतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

रामबागेची_आक्का
बीपीची आहे, रक्त पातळ करायची नाही. सुनेला सांगितलं. मला वाटलं होतं ती लाजेल, तिने तर लगेच फोन लावून सोमवारी सकाळी दहाची वेळ घेतली. वर म्हणाली, आई, मलाही दाखवायचंच होतं, दोघी जाऊ.
उपाशी जायचं का?

बडोद्याची_डॉक्टरीण
नाही. बीपीची गोळी घ्या, पोहे खा आणि जा. आतून सोनोग्राफीच्या आधी लघवी करून या.

पोहे_विदाउट_शेव
शेव घालून खा आक्का.